चिखलीचे कुत्र्यांचे गुरुजी

आमचे एक शेजारी चिखलीच्या मैदानावर रोज सकाळी लोकांच्या कुत्र्यांना फुकट शिस्त शिकवतात. कुत्र्यांशी ते इंग्रजीत, अगदी लाडानं बोलतात. बायकोला मात्र लांबूनच ओरडतात, "पाणी आण वं लवकर."

परवाच्या कुत्र्यांच्या स्पर्धेत "सिट, सिट" करून त्यांचा घसा बसला, पण त्यांचा कुत्रा उभाच. कडेला उभ्या असलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "बस रे बापा." तो लगेच बसला. स्पर्धक तिघंच असल्यानं तिसरं बक्षीस मिळालं.

कप छातीशी धरून ते मला म्हणाले, "पाह्यलं का भाऊ? आधी बायकोले शिकवा लागते, मंग कुत्रं आपोआप ऐकते."

वहिनींनी ते ऐकलं. पट्टा हातात घेऊन त्या कुत्र्याला एवढंच म्हणाल्या, "चाल." दोघं घरी निघून गेले. गुरुजी कप घेऊन फोटोवाल्याची वाट पाहत उभे राहिले.