गळ्यातल्या वीणेची दुरुस्ती

माझे वडील सुतार आहेत असे कॉलेजात सांगितले की मुले विचारतात, "म्हणजे टेबल-खुर्च्या करतात का?" कळंबच्या अलीकडे आमचे गाव. तिथे खुर्ची कुणाला लागत नाही. नांगर, गाडीची चाके आणि दाराच्या चौकटी, एवढेच काम येते. पण वडिलांना खरी हौस तारेच्या वाद्यांची. कुणाचे तुणतुणे फुटले, कुणाच्या एकतारीची खुंटी सैल झाली, की हातातला नांगर बाजूला राहतो. आई म्हणते, "नांगरवाला भात देतो, तुणतुणंवाला नुसतं गाणं म्हणून जातो." वडील हसतात आणि खुंटी तासत बसतात.

आमच्या देवळात दर श्रावणात सप्ताह बसतो आणि गोकुळअष्टमीला काला होऊन उठतो. त्या सप्ताहाचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. सात दिवस देवासमोर एक माणूस वीणा गळ्यात घालून उभा असतो. मुखाने रामकृष्णहरी आणि बोट तारेवर. त्याचा पहारा संपला की पुढचा माणूस त्याच्या गळ्यातून वीणा आपल्या गळ्यात घेतो. ती जमिनीला टेकवायची नाही, वाजायची थांबवायची नाही आणि बदलायचीही नाही. तसे झाले तर सप्ताह मोडला.

वीणा आम्ही दरवर्षी कळंबहून मागून आणत असू. त्या वर्षी कळंबलाही त्याच आठवड्यात सप्ताह बसणार होता, हे आषाढात कळले. देवळाचा कारभार पाहणारे बुवा वडिलांना म्हणाले, "तू कर. सात दिस टिकली तर देवळात तुझीच वीणा ऱ्हाईल. नाय टिकली तर पुढल्या वर्षी आमी पुण्यासनं इकत आणू, आन् तू आपली चाकं बघ." वडिलांना याहून मोठे काम आजवर कुणी दिले नव्हते. डोंगराखालच्या ठाकरवाडीतून त्यांनी सुकलेला मोठा भोपळा आणला, सागाची दांडी तासली आणि दोन्ही सरसाने जोडली. एकच गोष्ट त्यांना टोचत होती. "सरस उन्हाळ्यात लावावा," ते म्हणत. "आता हवेलाच पाणी सुटलंय."

मी कॉलेजातून गावी पोचलो तेव्हा सप्ताह निम्म्यावर आला होता. वीणा गोड बोलत होती. वडील देवळाच्या पायरीवर बसून प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "आवाज कसा वाटतो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा पहारा होता. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. अंगाने भारी, पण वीणा गळ्यात आली की लहान मुलासारखे नाचणारे. मी टाळ घेऊन शेजारी होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. नाचता नाचता काकांच्या वीणेतून एकदम बद्द असा आवाज आला. पाहिले तर भोपळा आणि दांडी यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट पडली होती. तारा सैल पडल्या होत्या, तरी काकांचे बोट थांबले नव्हते.

वडील धावत आले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. बुवांनी हात वर केला. "खाली ठेवायची नाय."

"नाय ठेवत," वडील म्हणाले. "गळ्यात हाय तशीच जोडतो."

काकांचे डोळे मोठे झाले. पण त्यांना बोलण्याची मुभा नव्हती; तोंडात नामच हवे.

वडिलांनी तीन तारा पार सैल सोडल्या आणि एकच, तीही जेमतेम वाजेल एवढी, ठेवली. मला म्हणाले, "तू खालनं भोपळा धर. वजन जोडावर येऊ द्यायचं नाय." मी काकांसमोर गुडघ्यांवर बसून दोन्ही तळव्यांवर भोपळा तोलला. काका तार छेडत, ती माझ्या तळव्यांत गुणगुणायची. तसे मी पूर्वी कधी अनुभवले नव्हते. आईने घरून सरसाचे भांडे आणि निखाऱ्यांची शेगडी आणली. फट आधी शेकून कोरडी करायची होती, म्हणून शेगडी काकांच्या पोटाजवळ धरली.

"रामकृष्णहरी," काका म्हणाले, आणि त्याच चालीत, "दादा, चटका बसतो, रामकृष्णहरी."

"हलू नको रं."

"रामकृष्णहरी, वयनी, जरा लांब धरा, रामकृष्णहरी."

टाळकऱ्यांपैकी कुणीतरी फिसकन हसले. बुवांनी डोळे वटारले, पण त्यांच्या मिशाही हलत होत्या.

वडिलांनी फटीत सरस भरला आणि जोडावरून सुती दोरी घट्ट गुंडाळली. मग दोरीखाली काडी घालून पिळायला सुरुवात केली. दर पिळाला त्यांचे कोपर काकांच्या बरगडीत लागायचे आणि काकांना गुदगुल्या सहन होत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"रामकृष्ण, हिहिहि, हरी! दादा, बरगडी सोड, रामकृष्णहरी!"

आता मात्र सारे देऊळ हसू लागले. आईच्या हातातली शेगडी थरथरत होती. वडील तेवढे हसले नाहीत. पीळ पुरता बसल्यावर त्यांनी काडी बांधून टाकली आणि म्हणाले, "सरस वाळंपर्यंत ही दुसऱ्याच्या गळ्यात जाणार नाय. हिसका बसंल. आणि नाचायचं नाय."

काकांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच त्यांना शिक्षा सुनावली होती. त्यांच्या नंतरचे पहारेकरी येत आणि शेजारी उभे राहून त्यांच्या सुरात सूर मिसळत. आई मधूनमधून त्यांच्या ओठांना दुधाची वाटी लावी. काका खांबासारखे उभे. फक्त पायाचा अंगठा ठेका धरत होता. त्यावरही वडिलांची नजर होती.

दिवेलागणीला वडिलांनी पहिली खुंटी पिळली. तार चढली. दुसरी, तिसरी. चौथीला त्यांचा हात थांबला. सगळ्या तारांचा ओढा आता त्या जोडावर येणार होता. टाळ आपोआप हळू झाले. त्यांनी डोळे मिटून खुंटी फिरवली. जोड हलला नाही. काकांनी चारी तारांवरून बोट फिरवले आणि वीणा पहिल्यासारखी बोलली. मला वाटते, उलट थोडी अधिकच गंभीर. पण हा कदाचित माझा पक्षपात असेल. वडील मग एवढे हसले, एवढे हसले, की दुपारचे सगळे हसू त्यांनी साठवून ठेवले असावे.

अष्टमीला काला झाला आणि वीणा देवळात राहिली. दोरी वडिलांनी काढली नाही; उगाच कशाला, म्हणाले.

दिवाळीनंतर पोशीर गावची दोन माणसे त्यांच्या देवळासाठी वीणा सांगून गेली. या वेळी हवा कोरडी होती, वडिलांनी मन लावून काम केले आणि जोड असा साधला की कुठे आहे ते बोटालाही कळू नये. माणसे न्यायला आली. त्यांनी वीणा उलटसुलट करून पाहिली आणि भोपळ्याभोवती बोटे फिरवून काहीतरी शोधले.

"काय झालं?" वडिलांनी विचारले.

"दोरी कुठं हाय?"

"अवो, देवळातली उकलली व्हती म्हणून दोरी. ही धड हाय."

"ते खरं. पण आमाला तुमच्या देवळात हाय तशी पायजे. दोरीवाली. त्या दोरीनं सप्ताह राखला, सगळी बोलतात."

वडिलांनी मला त्यांना जोड कसा असतो ते समजावून सांगायला लावले. मी प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरं. मग दोरी कवा लावता?"

पडवीत बसलेले काका म्हणाले, "लाव रं दादा. फकस्त माज्या गळ्यात घालून नको."

वडिलांनी मान हलवली आणि आत जाऊन दोरी आणली. मग थांबले, ती परत ठेवली आणि आईकडे लाल सुताची मागितली. बांधायचीच तर नीट दिसली पाहिजे, म्हणाले.