लाल चिंधी, पिवळी चिंधी

कॅनचं झाकण उघडण्याआधी मावशी त्याच्या मुठीला बांधलेली चिंधी दोन बोटांत धरायची आणि म्हणायची, "लाल जळतं, पिवळं चावतं. या दोघांची सोयरीक जमत नाय बरं."

लाल चिंधी ब्लीचची, पिवळी ऍसिडची. कॅन मात्र सारखेच, निळे. पिंपळगावच्या आमच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये क्रेट आणि फरशी ब्लीचच्या पाण्यानं धुतात, फरशीवरचा क्षाराचा थर ऍसिडनं काढतात. दोन्ही एकत्र आली की विषारी वायू निघतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. मावशीला वाचता येत नव्हतं, पण बारा हंगामांत तिची एकदाही गल्लत झाली नव्हती.

आम्ही पेठ तालुक्यातले. भात संपला की घरात काही उरायचं नाही. मग आई मावशीबरोबर इथे यायची, पत्र्याच्या खोलीत राहायची, दिवसभर उभ्यानं द्राक्षं निवडायची. त्यावर मी बीएस्सी झाले, रसायनशास्त्र घेऊन. घराण्यात पहिली. इथेच सुपरवायझर म्हणून लागले, तेव्हा मावशी बायकांना दटावत सुटली, "आमची मॅडम आली. नीट उभ्या राहा गं!"

निर्यातीसाठी तपासणी ठरली आणि मी स्टोअर आवरायला घेतलं. त्या चिंध्यांची मला लाज वाटली. कात्रीनं कापल्या. इंग्रजी लेबलं चिकटवली, कॅन एबीसीडीप्रमाणे लावले. म्हणजे ऍसिड पुढे, ब्लीच मागे.

"अगं, माझ्या चिंध्या?"

"मावशी, आता लेबल आहे ना."

"मग झालं. शिकलेल्या माणसानं लावलंय."

तपासणी छान झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतल्या ब्लीचच्या पाण्यात आणखी ब्लीच घालायला मावशीनं ब्लीचच्या नेहमीच्या जागेवरचा, पुढचा कॅन उचलून ओतला. त्यात ऍसिड होतं.

बादलीतून हिरवट-पिवळा धूर उठला. क्लोरीन मी परीक्षेत कितीदा लिहिला होता, पाहिला त्या दिवशी. मी दारात होते. मावशी खोकत ओरडत होती, "बाहेर व्हा! आधी बाहेर!" सात बायकांना ढकलत बाहेर काढून ती शेवटी आली आणि ओट्याशी कोसळली.

दवाखान्यात तोंडावरचा मास्क बाजूला करून ती मालकांना म्हणाली, "चूक माझीच, शेठ. अडाणी बाई मी."

मालकांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, "अपघाताच्या रिपोर्टात तसंच लिहा. कामगाराचा निष्काळजीपणा."

मावशीनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. गप्प राहा, असं. श्वास पुरत नव्हता आणि बाई माझी नोकरी वाचवत होती.

मी लिहिलं, "चिंध्या मी कापल्या. कॅनच्या जागा मी बदलल्या. कोणाला सांगितलं नाही." खाली सही केली. मालक आठवडाभर बोलले नाहीत, पण कागद त्यांनी फाडला नाही.

मावशी वाचली. श्वास मात्र पहिल्यासारखा झाला नाही. ती आता गावीच असते, चढाला दोनदा बसते.

आज आमच्याकडे ब्लीच एका खोलीत आहे, ऍसिड आवारापलीकडच्या दुसऱ्या खोलीत. कुलपं वेगळी, लेबलं मराठीत. प्रत्येक कॅनच्या मुठीला चिंधी आहे, मावशीनं पाठवलेल्या जुन्या लुगड्यांची. आणि त्या रिपोर्टात चूक तिच्या नावावर नाही.