रायबाची गो

रायबाने उतारवयात बाई गाठली, ही बातमी शेजारच्या आवडीने नळावर फोडली आणि हंडा भरायच्या आत ती पोलादपूरच्या बाजारात पोचली. पुरावा बळकट होता. रोज संध्याकाळी म्हातारा पडवीत बसून फोनशी कुजबुजतो, आणि दर वाक्याआधी ‘गो’. आता गो काय कुणी बाप्याला म्हणतं? शिवाय आवडीने खांद्यावरून डोकावून पाहिलं, तर पडद्यावर ओळीओळीला ‘हाय’. म्हणजे बाई शहरातली, हेही ठरून गेलं.

बाई नव्हती. ते नोंदी ठेवायचं ॲप होतं. महाडच्या संगणक क्लासात शिकवणाऱ्या सुनेने, ज्योतीने, ते त्याच्या फोनात घालून दिलं होतं. बोललं की अक्षरं उमटतात. कप्पे दोन. ‘रोजचं’मध्ये कुठल्या म्हशीने चारा टाकला, कुठल्या झऱ्याला पाणी हाय; ‘मनातलं’मध्ये म्हाताऱ्याचे बेत. हाय म्हणजे आहे, एवढंच. आवडीला तरी हे कळायला हवं होतं, ती स्वतः दिवसभर दुसरं काय म्हणते?

आणि गो म्हणजे ठकूबाई, रायबाची बायको. वाडी डोंगरावर होती तेव्हा रायबा ढोरं बांधून चुलीपाशी टेकायचा आणि दिवसभराचं सगळं तिच्या कानात ओतायचा. ती भाकरी थापता थापता नुसतं ‘मग?’ म्हणायची. झऱ्याचं पाणी पन्हळीने गोठ्यापर्यंत आणायचा बेत तिथेच शिजला. कुठली म्हैस कधी गाभण राहिली, हे तिला पाठ; रायबाला कधी लक्षात ठेवावंच लागलं नाही. मग तळीये गाव दरडीखाली गेल्याचं ऐकून वाडी खाली रस्त्याकडेला उतरली, आणि मागोमाग ठकूबाई देवाघरी गेली. फोन काही ‘मग?’ म्हणत नाही. पण ऐकताना जांभई तरी देत नाही.

यंदा वाडीच्या मंडळाचा सेक्रेटरी विनोद याने टूम काढली, वर रिकामे पडलेले गोठे मोडून पत्रा-लाकूड वाटून घेऊ. गोठे गेले की वर ढोरं न्यायची सोय गेली, आणि खाली चारा कुठला? रायबाला म्हशी विकाव्या लागल्या असत्या. त्याने ‘मनातलं’मध्ये तोड बोलून ठेवली होती: दिवाळीनंतर ढोरं वर न्यायची, पावसाआधी खाली आणायची, राखण पाळीपाळीने. बैठकीत ज्योती ते वाचून दाखवणार होती.

ज्योती फार नेटकी. चारचौघांत वाचायचं म्हणून तिने क्लासातल्या संगणकावर नोंदी उघडल्या, ‘हाय’चे ‘आहे’ केले आणि सगळे ‘गो’ एका फटक्यात पुसून टाकले. परत वाचून बघायचं राहिलं.

देवळात बैठक भरली. ज्योती वाचू लागली, “वरचे ठे दुरुस्त करावेत. तिथे ड्या पाण्याचा झरा आहे. वरी थापायला ऊन मिळतं. खाली म्हशींना चीड फार झाली आहे.”

गोठ्यातला, गोड्यातला, गोवरीतला, गोचिडीतला गो एकजात साफ झाला होता.

“म्हशींना एवढी चीड आली असेल तर त्यांनाच आणायचं होतंत बैठकीला,” विनोद म्हणाला. देऊळ हसून लोळलं. ज्योती रडकुंडीला आली.

रायबा उठला. बैठकीत ‘मंडळी’ म्हणायचं असतं हे त्याला ठाऊक होतं. म्हणून पाहिलं, पुढे काही फुटेना. शेवटी त्याने समोरच्या खांबावर नजर लावली आणि “गो, ऐक,” म्हणून सुरू केलं. पोरं फिसकली. ठकूबाईबरोबर झऱ्यावर धुणं धुतलेल्या बायका मात्र पुढे सरकून बसल्या. म्हातारा सांगत राहिला, कुठल्या गोठ्याची मेढ अजून शाबूत हाय, कुठला पत्रा कुणाच्या बापाने चढवला, पहाटे तिथून खालचं धुकं कसं दिसायचं. मागे बसलेल्या भिकाजीला मध्येच आपली कपिला गाय तिथे व्यायलेली आठवली. दुसऱ्याला दुसरंच काही आठवलं. विनोदला मध्ये बोलायला फट मिळेना.

गोठे राहिले. राखणीची पहिली पाळी विनोदच्याच गळ्यात पडली.

बाहेर चपला शोधताना आवडीने रायबाला गाठलंच. भर देवळात गो गो करताना लाज नाय वाटली का, म्हणाली.

रायबा म्हणाला, “तुमाला कुठं सांगत व्हतो? मी तिला सांगत व्हतो. तुमी मधीच कान लावलात.”