लीडभाऊंनी निवडलेली डबी

लीडभाऊ गिटार शिकवायचे, पण शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच सांगायचे, "काही घेऊ नका." नवी गिटार घेऊ का, असं विचारलं तर घेऊ नका. भारीतल्या तारा, चामडी पट्टा, स्टँड, सगळ्याला उत्तर तेच. "जुनी आहे ना घरी? तिलेच आणा. हात बसू द्या. हात बसला की मंग आपलं आपल्याले समजते काय पायजे ते." सदर बाजारातल्या वाद्यांच्या दुकानदारांनी या माणसाचा राग करायला हवा होता. पण त्यांच्या काउंटरवर भाऊंना खुर्ची मिळायची आणि चहाही मिळायचा, कारण लीडभाऊंनी एखाद्या वस्तूला बरं म्हटलं तर ती वस्तू खरोखर बरी असायची.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. तरुणपणापासून ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. पोस्टरवर गायकांच्या फोटोंखाली बारीक अक्षरात 'लीड गिटार' आणि पुढे त्यांचं नाव छापलेलं असे. लोकांनी नाव सोडून दिलं आणि लीड तेवढं ठेवलं. ऑर्केस्ट्रावर पोट भरत नाही, म्हणून दिवसा ते शहराच्या टोकाला वाडीत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घ्यायचं काम करत. हातात चलनांचा गठ्ठा, कानामागे पेन. गोदामाच्या वरच त्यांची भाड्याची खोली होती. रविवारी सकाळी तिथे आम्ही चार-पाच जण शिकायला बसायचो. खाली ट्रक मागे घेतला की खिडकीची काच थरथरायची आणि भाऊ म्हणायचे, "थांबा, त्याचं होऊ द्या."

त्या चार-पाच जणांत मी वयानं सर्वांत मोठा. शेचाळीस वर्षांचा, सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवणारा. कॉलेजातली इलेक्ट्रिक गिटार वीस वर्षं कपाटावर पडून होती. ती खाली काढून मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी माझं वय विचारलं नाही. फक्त माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "लिहिणाऱ्याचा हात आहे, साहेब. सवय लागते याले. डावीकडे बसा." शिकणाऱ्याला ते नेहमी आपल्या डाव्या हाताला बसवत. आम्हाला वाटायचं, असेल एखादी जुनी श्रद्धा.

माझी अडचण घरी होती. दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि मुलगी मुक्ता त्या वर्षी बारावीला. एके संध्याकाळी बायकोनं आवाज न चढवता सांगितलं, "तुम्ही वाजवा. पण आम्हाला ऐकू येता कामा नये." यावर उपाय होता. गिटार एका यंत्राला जोडायची, यंत्राला हेडफोन लावायचा, की वाजवणाऱ्याशिवाय कुणाला काही ऐकू येत नाही. मल्टि-इफेक्ट्स म्हणतात त्याला. शिवाय त्यातून आवाज घुमवता येतो, खरखरीत करता येतो, लांबून आल्यासारखा करता येतो. मी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "इतक्यात घेऊ नका. आधी दोन गाणी पुरी करा."

मी ऐकलं नाही. फोनवर पाहून पाहून एक यंत्र मागवलं आणि त्यांना सांगितलं नाही. हार्मोनियमएवढं लांब, पायानं दाबायची आठ बटणं, आत तीनशे आवाज. पहिल्या आठवड्यात मी शंभर आवाज ऐकले, दुसऱ्यात आणखी शंभर. मग आवडलेल्यांची यादी केली, मग ती यादी बदलली. रोज तासभर हेडफोन लावून बसायचो आणि उठताना वाटायचं, आज बराच सराव झाला.

तीन महिन्यांनी एका रविवारी बाकीचे गेल्यावर भाऊंनी मला थांबवलं. "साहेब, तुम्ही घरी काय करून राहिले? तीन महिने झाले, गाणं आहे तिथंच आहे."

मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. त्याच संध्याकाळी घरी आले, पलंगावर बसले आणि मी एकेक आवाज काढून दाखवत गेलो. एक देवळाच्या गाभाऱ्यातल्यासारखा, एक विहिरीतल्यासारखा, एक विमान उतरतंय तसा. त्यांनी पंधरा-वीस आवाज शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "छान आहे. आता साधा काढा."

"साधा म्हणजे?"

"गिटारचा. तिचा सोताचा."

मला तो सापडेना. या खान्यातून त्या खान्यात पाच मिनिटं शोधत राहिलो. भाऊ हसले नाहीत. बायकोनं आणलेल्या पोह्यांची बशी त्यांनी हातात घेतली आणि म्हणाले, "लग्नात वीस पदार्थ असतात, चांगलंच आहे. पण घरी रोज वरण-भातच लागते ना, जी? हे लग्नातलं आहे. स्टेजवाल्यासाठी. तुमाले घरासाठी डबी पायजे, लहानशी. टेबलावर गिटारजवळ पडून राहीन अशी. काढायले-ठेवायले जड गेली वस्तू, की माणूस ती काढतच नाई."

पुढच्या शनिवारी ते मला सदरला घेऊन गेले. दुकानदार ओळखीचा होता, फोनवरून मागवलेलं मोठं यंत्र ठेवून घेऊन बदली लहान द्यायला तयार झाला. त्यानं तळहाताएवढी तीन यंत्रं काउंटरवर मांडली आणि कशात किती आवाज ते सांगू लागला. भाऊंनी हात वर करून त्याला थांबवलं. "सगळे आवाज बंद करा. साहेब, कोणतीही एक तार छेडा, आन् ती मरेपर्यंत काही करू नका."

मी हेडफोन लावून तार छेडली. पहिल्या यंत्रात तार विरत गेली तसा मागून फ्रीजसारखा घूंऽऽ आवाज वर आला. ते बाजूला गेलं. दुसरं चांगलं वाजत होतं, पण त्यातलं काहीही बदलायचं तर फोन काढावा लागे. भाऊ म्हणाले, "फोन हाती घेतला की गिटार खाली राहते. नाई पायजे." तिसऱ्याला साधी चार फिरवायची बटणं होती आणि तार विरली तेव्हा मागे काहीच उरलं नाही. भाऊंनी मला गिटारीवरचं आवाजाचं बटण कमी करून हळू वाजवायला लावलं, मग जोरात. "हळूले हळू वाटते का? जोराले जोर?" वाटत होतं. मग त्यांनी यंत्रावरचं आवाजाचं बटण स्वतःच्या बोटानं फिरवून एका जागी आणलं. "आवाज याच्या वर न्यायचा नाई. घरात कुकरची शिट्टी झाली तर ती ऐकू आली पायजे. इतकाच."

दुकानदार म्हणाला, "भाऊ, एकदा तुम्ही तर ऐका."

त्यांनी हेडफोन कानांना लावला. मी एक-दोन सूर वाजवले. ते म्हणाले, "एकाच बाजूनं येऊन राहिलं. पिन बसली नाई वाटते." दुकानदारानं पिन दाबून पाहिली, मग दुसरा हेडफोन दिला. तरी एकच बाजू. मी लावून पाहिला, तर दोन्हीकडून स्वच्छ आवाज. भाऊंनी हेडफोन परत घेतला आणि या वेळी उलटा लावला, डावी बाजू उजवीकडे. मी वाजवलं. त्यांनी डाव्या कानावरची बाजू एकदा उचलून पाहिली आणि परत टेकवली. मग हेडफोन काढून नीट वायर गुंडाळून ठेवला आणि म्हणाले, "हीच घ्या. चांगली आहे."

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी स्वतःच विषय काढला. "उजवा कान गेला, साहेब. स्टेजवर ड्रमवाला कायम त्याच बाजूले बसे, त्याच्या त्या झांजा कानापाशीच." मग म्हणाले, "मले वाटे, लोकच आताशा हळू बोलून राहिले." मला आमची डावीकडची बैठक आठवली. कान जात होता हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि तरी त्यांचं शरीर सोय करून घेत होतं.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, उजवा परत येणार नाही, डावाही त्याच वाटेवर आहे, मोठा आवाज बंद करा. भाऊंनी ऑर्केस्ट्राच्या मालकाला माझ्यासमोरच फोन केला. कारण सांगितलं नाही, "आता नव्या पोराले उभं करा" एवढंच म्हणाले. शिकवणं मात्र चालू ठेवलं. दरम्यान माझ्या टेबलावर ती डबी पडून असे. कचेरीतून आलो की दोन वायरी लावायच्या आणि अर्धा तास बसायचं. भिंतीपलीकडे मुक्ता तिची गणितं सोडवत असे, अलीकडे मी माझी. कुकरची शिट्टी ऐकू यायची. तिची परीक्षा होईपर्यंत माझी चार गाणी झाली. ती भाऊंना वाजवून दाखवली तेव्हा त्यांचा डावा कान माझ्या गिटारीपासून वीतभर अंतरावर होता.

मग पावसाळ्यात गोदामात एक ट्रक मागे येत होता आणि भाऊ चलनं वाचत त्याच्या वाटेत उभे होते. हमालानं दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले. गोदामाचा मालक भला माणूस, म्हणाला, आत बसून हिशेब लिहा. पण लोकांनी आपल्याशी ओरडून बोलावं हे भाऊंना सहन होईना. काटोलकडे त्यांच्या भावाचा संत्र्याचा बगीचा आहे, ते तिकडे निघून गेले. बसमध्ये सामान चढवताना मी काहीतरी बोललो, ते त्यांना ऐकू आलं नाही. मीही पुन्हा बोललो नाही.

या हिवाळ्यात त्यांना भेटायला गेलो. गिटार आणि डबी सोबत घेतली होती, का ते मलाही नीट सांगता आलं नसतं. ओसरीसमोर संत्र्यांच्या क्रेट रचलेल्या होत्या. भाऊ वाळले होते, पण चेहरा प्रसन्न होता. डाव्या कानात मशीन होतं. "बोलणं समजते यानं," म्हणाले. "पण गाणं लावलं की पत्र्यावर गिट्टी पडल्यावाणी लागते. म्हून गाणं ऐकत नाई."

चहा झाल्यावर त्यांची नजर गिटारीकडे गेली. मी ती त्यांच्या हातात दिली, वायर लावली, हेडफोन पुढे केला. त्यांनी तो माझ्याकडेच परत सरकवला. मग कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. "तुम्ही ऐका," म्हणाले.

मी हेडफोन लावला. त्यांनी सगळ्या तारांवरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. "कसं आहे?"

दुसरी तार किंचित उतरलेली होती. किंचितच. मान हलवून मोकळं व्हावं असं मला वाटलं. या माणसाला आता आणखी कशाला काही सांगायचं? डबीत तार जुळली की हिरवा होणारा दिवाही होता, तो लावला असता तर मला काही बोलावंच लागलं नसतं. पण त्यांनी दिव्याला नाही, मला विचारलं होतं. आणि माझी तार उतरलेली असताना त्यांनी मला कधी बरं म्हटलं नव्हतं.

मी दुसऱ्या तारेवर बोट ठेवलं आणि हात थोडा वर केला.

त्यांनी खुंटी अगदी जराशी पिळली, तार छेडली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी अजून वर दाखवलं. पुन्हा जराशी. तार जाग्यावर आली तेव्हा मी मान हलवली. तेवढं पाहून लीडभाऊंनी डोळे मिटले आणि वाजवायला लागले.