सलूनवाल्याच्या हाताची थरथर

सलूनवाल्याची मोटारसायकल त्याच्या वडिलांच्या वेळची. चालायची कमी, थरथरायची जास्त. तिच्या आरशात मागची एक गाडी चार होऊन दिसायची. तेही चाललं असतं. पण दुकानात पोचल्यावर बराच वेळ त्याच्या तळहातांना मुंग्या येत राहायच्या, आणि हातात वस्तरा. सकाळी पहिलं कुणी खुर्चीत बसेना. "तुम्ही बसा, मला काही घाई नाही," असा एकमेकांना आग्रह चालायचा. शेजारचा शिंपी तर वर्तमानपत्रातून डोकंच वर काढायचा नाही.

शेवटी त्याने गॅरेजवाल्याला गाठलं.

"इंजिनाचे हादरे जिरवायला आत एक वजनदार दांडा फिरत असतो, बॅलन्सर," गॅरेजवाला म्हणाला. "त्याची बेअरिंगं गेलीत. आता चांगली दणकट रोलरची घाला. पण इंजिन पूर्ण उघडावं लागेल, आणि मला सध्या मान वर करायला फुरसत नाही."

"मग मीच घालतो," सलूनवाला म्हणाला. रोज लोकांची डोकी हाताळणारा माणूस, इंजिनाला काय भिणार?

सुट्टीच्या दिवशी इंजिन स्वयंपाकघरात आलं. बेअरिंगं आकसावीत म्हणून फ्रीजरमध्ये गेली आणि इंजिनाचं अर्धं कवच फुगावं म्हणून ओव्हनमध्ये.

"अहो, घरभर तेलाचा वास सुटलाय," बायको म्हणाली.

"सुटणारच. भाजतंय ना."

कवच तापलं. त्याने फ्रीजर उघडला, तर आत नुसते वाटाणे.

"अगं, बेअरिंगं कुठं गेली?"

"ती होय? बर्फ धरला होता त्यांच्यावर. पुसून उन्हात ठेवलीत."

सलूनवाल्याने ओव्हन बंद केला आणि बेअरिंगं पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवली.

दुसऱ्या खेपेला बायकोनेच गार बेअरिंगं तापल्या कवचात सोडली, आणि ती टक् करून जागेवर बसली. संध्याकाळी त्याने मोठ्या ऐटीत किक मारली. गाडी अशी काही नाचली की नंबरप्लेट गळून पडली.

"हे सुधारलं की बिघडलं?" बायकोने शांतपणे विचारलं.

पुन्हा सगळं उघडलं. बायको वाकून बघत म्हणाली, "या दोन दातेरी चाकांवर एकेक ठिपका आहे. ते समोरासमोर यायला हवेत का?"

यायलाच हवे होते. एक दाता चुकला होता. सलूनवाल्याने तो जुळवला, आणि या वेळी इंजिन इतकं गुळगुळीत चाललं की बंद पडलं की काय म्हणून त्याने कान लावून पाहिलं.

सकाळी तो तयार होऊन बाहेर आला, तर गाडीच जागेवर नाही. बायकोचा फोन आला. लग्नापासून तिने त्या गाडीला हात लावला नव्हता.

"जरा चालवून बघावी म्हणून निघाले," ती म्हणाली, "ती थेट कामावरच पोचले. संध्याकाळी बोलू."

तो पायी दुकानात गेला. त्याला चालत येताना पाहून शिंप्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि तो स्वतःहून खुर्चीत बसला.

"गाडी विकलीत ना? फार बरं केलंत."

"विकली नाही. घरीच दुरुस्त केली."

शिंपी अर्धा उठला. सलूनवाल्याने त्याचा खांदा हलकेच दाबला आणि गालाला साबण लावला.

"आता हलू नका," तो म्हणाला.