भिंतीवरची चौदावी कुबडी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनागृहात उजव्या भिंतीवर कुबड्या टांगलेल्या आहेत. रोगमुक्तीच्या सभेत प्रार्थना होते, माणूस कुबडी टाकून चार पावले चालतो आणि ती कुबडी भिंतीवर जाते. मार्चअखेर त्या मोजून आकडा वार्षिक अहवालात 'प्रभूची कृत्ये' या मथळ्याखाली घालायचा, हे चिटणीस म्हणून माझे काम.

कुबड्यांसाठी खुंट्या ठोकणारे सुतारकाका आमच्याच मंडळीतले. चर्चमागच्या गल्लीत त्यांचे दुकान. सभेनंतर आठ-पंधरा दिवसांनी, बरे झालेल्यांपैकी बहुतेक जण दुकानाच्या मागच्या दाराने येत. खाली मान घालून उभे राहत. काका बगलेपासून जमिनीपर्यंत माप घेत आणि नवी कुबडी करून देत. हे काय चालले आहे, असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, "चालवतो देवच, चिटणीस. मी नुसता तोल सांभाळतो." मी ते हसण्यावारी नेले. अहवालात मागच्या दारासाठी रकाना नव्हता.

मग काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आपली कुबडी दिली. लहानपणापासून डावा पाय अधू. पाहुण्या प्रचारकाने डोक्यावर हात ठेवला, त्या सात पावले चालल्या. सगळी मंडळी रडली, मीही. ती चौदावी.

पंधरा दिवसांत पाय होता तसा झाला. काकांनी हलकी सागवानी कुबडी केली, मूठ गुळगुळीत घासली आणि पलंगाला टेकवून ठेवली. काकूंनी तिला हात लावला नाही. काकांनी समजावले, रागावले, दोन दिवस अबोला धरला. बाकीचे सगळे नेतात, तूच काय जगावेगळी, असेही विचारले. काकू एवढेच म्हणाल्या, "मी ही घेतली तर भिंतीवरची खोटी पडेल. तिच्याकडे बघून तीन जणी प्रार्थनेला यायला लागल्यात."

काकांनी मग पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून न्हाणीघरापर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी दांडी बसवली. टॉवेल वाळत घालायला, असे सांगितले. काकूंना कळले नसेल असे नाही, पण त्यांनी टॉवेलही वाळत घातले. घरातले निभावले. उरल्या चर्चच्या पाच पायऱ्या. त्या चढताना काका दंड धरत. दारात पोचल्या की हात सोडवून काकू एकट्या आत जात.

काकांनी कमिटीकडे अर्ज केला: पायऱ्यांना कठडा हवा, लाकूड माझे, मेहनत माझी. जिथे लंगडे चालू लागतात तिथे दारातच कठडा, लोक काय समजतील, असे चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, यांनी विचारले. ठराव मी लिहिला: 'सध्या आवश्यकता नाही.' अक्षर चांगले आले आहे, परवाच पाहिले.

एका रविवारी काका तापाने अंथरुणात होते, म्हणून काकू एकट्या गेल्या आणि तिसऱ्या पायरीवरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले, पुढे छातीत कफ साचला, एकविसाव्या दिवशी गेल्या. हॉस्पिटलमध्ये त्यांनी नवऱ्याला विचारले होते, "माझा विश्वास कमी पडला का हो?" काकांनी पाणी पाजले. हे त्यांनीच मला सांगितले.

त्यानंतरच्या बैठकीत कठडा पाच मिनिटांत मंजूर झाला. बसवायला काकांनाच सांगितले. त्यांनी तो बसवला, तीनदा घासला, कुठे लाकडाचे कुसळ टोचते का हे तळहात फिरवून पाहिले. मी शेजारी उभा होतो. म्हटले, काकूंची कुबडी उतरवून देतो, घरी न्या. यंदा तेरा लिहीन, पाळकसाहेबांचे मी बघतो.

"राहू द्या," काका म्हणाले. "जीव गेला तरी तिने ती खोटी पडू दिली नाही. आता मी पाडू?"

मार्चअखेर मी चौदा लिहिले. सागवानी कुबडी त्यांच्या पलंगाला तशीच टेकलेली आहे. मागच्या दाराने येणाऱ्यांना ते अजून नवी करून देतात. ती मात्र देत नाहीत.