खिळ्यावरची डावी चप्पल

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. "काकू, बाबा गेले…" एवढंच बोलला. मी फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. माणूस असं का वागतं, हे वसंतभाऊजींनाच विचारायला हवं होतं. काहीतरी उदाहरण देऊन समजावलंच असतं त्यांनी.

भाऊजी माझे धाकटे दीर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यातून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन कुरकुंभच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. राहायला आमच्याकडेच, दौंडला. मी शिरूरची, दहावी पास. म्हणजे स्वतःच्या मते घरातली सगळ्यात हुशार. एकदा केडगावच्या लग्नातून ऐटीत परत आले, तर भाऊजी दारातच म्हणाले, "वहिनी, लंगडताय का?"

"नव्या आहेत, चावतात."

"नव्या असू द्या. पण दोन्ही डाव्या आहेत."

सासूबाई पोट धरून हसल्या. मी मात्र झोपेपर्यंत "हल्ली अशीच फॅशन आहे" हेच धरून बसले!

भाऊजी हसले नाहीत. चपला हातात घेऊन पायरीवर बसले. त्यांच्या औषधाचा रेणूही तसाच, डावा आणि उजवा. अंगाला लागू पडायचा तो उजवाच. पण हायड्रोजन जोडला की दोन्ही निम्मे-निम्मे व्हायचे, आणि निम्मा माल वाया.

"मग साचाच उजवा घ्या की," मी फणकारले.

"तेच करतोय, वहिनी." हायड्रोजन जोडून देणाऱ्या धातूच्या कणाला असा वाकडा अंगरखा घालायचा, की हायड्रोजन एकाच बाजूनं बसेल. साचा एक, चपला कितीही. त्या दोन चपलांतली जी माझी नव्हती, ती त्यांनी मागून घेतली.

कंपनीच्या साहेबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर नाही जमलं तर काम बंद. संध्याकाळी भाऊजी कंपनीच्या गाडीतून उतरले की मी ओरडायची, "आज काय?"

"निम्म्या-निम्म्या!"

जरा हवा आत शिरली तरी त्यांचा धातू बिघडायचा. माणूस वाळत चालला. मी मोठ्या मनानं सल्ला दिला, "सोडा नाद. शिरूरला औषधाचं दुकान टाका, आमच्या आळीत एकही नाही."

"आणि विकू काय? डाव्या चपला?"

करंज्या तळत होते त्या संध्याकाळी ते गाडीतून उतरून धावतच आले. "वहिनी, उजव्या! जवळजवळ सगळ्या उजव्या!"

सासूबाई आतून ओरडल्या, "आता कुनाच्या उचलून आनल्यास रं?"

पुढं जन्मभर तेच काम; महागड्या धातूच्या जागी स्वस्त धातू चालेल का, अंगरखा आणखी कसा बेतावा… लग्न झालं, वेगळं घर केलं, तरी काही नवं जमलं की चहाला यायचे आणि मला सांगायचे. निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. पण "तुम्हाला नाही कळायचं" हे वाक्य त्या माणसानं मला कधी ऐकवलं नाही. घरात बाकी सगळ्यांनी ऐकवलं होतं.

तेराव्यानंतर त्यांची खोली आवरायला गेलो. टेबलामागच्या भिंतीतल्या खिळ्याला ती डावी चप्पल अजून टांगलेली. पुतण्या काढायला गेला, मी म्हटलं, "असू दे."

केडगावच्या बाजूला कुणा बाईच्या घरी दोन उजव्या गेल्या असतील. तिलाही घरचे हसले असतील. चपला हातात घेऊन शेजारी बसणारं तिच्या घरी कुणी होतं की नाही, कोण जाणे.

माझ्या घरी होतं.